आधी वेळ, मग कोन, मग रेडिओ: उपग्रह ऐकायला शिकताना

पहिल्या सतरा पासांमध्ये, म्हणजे उपग्रह आभाळातून गेला त्या सतरा वेळी, मला रेडिओवर खरखरीखेरीज काहीही ऐकू आलं नाही. वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि शेवटी ‘खरखर’, अशा सतरा ओळी एकाखाली एक लिहिलेल्या आहेत. मधल्या काळात मी अँटेना बदलली, केबल बदलली, उसना रिसीव्हर आणून पाहिला. अठराव्या वेळी भाचीनं मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, “मावशी, ही वेळ आपली आहे की यूटीसी?” यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची जागतिक वेळ होती. म्हणजे अंतराळ स्थानक येण्याच्या काही तास आधीच मी रिकाम्या आभाळाकडे अँटेना धरून उभी राहत होते. सामानात पहिल्या दिवसापासून काहीच दोष नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी वेळ, मग कोन, मग गोंगाट, आणि रेडिओचा नंबर सगळ्यात शेवटी. मला कुणी विचारलं की कोणती अँटेना घेऊ, तर मी उलट विचारते, पुढचा पास किती वाजता आहे आणि कुठून कुठे? याचं उत्तर तोंडावर असेल तर अर्धं काम झालेलं असतं.

पास म्हणजे काय आणि तो कसा वाचायचा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० ते ४२० किलोमीटरवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं जातं. पृथ्वीची एक फेरी सुमारे ९३ मिनिटांची. आपल्या क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत ते जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटं मिळतं. हवामानाचे उपग्रह त्याच्या दुप्पट उंचीवर असतात, म्हणून ते पंधरा मिनिटांपर्यंत पुरतात. उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या या एका भेटीला आपण पास म्हणतो.

पासाचं वेळापत्रक कक्षेच्या आकड्यांवरून काढलं जातं. या आकड्यांच्या दोन ओळींना टीएलई म्हणतात आणि त्या सेलेसट्रॅकसारख्या ठिकाणाहून फुकट मिळतात. संगणकावर जीप्रेडिक्ट, फोनवर लुकफोरसॅट यांसारखी ॲप्स त्या स्वतःच उतरवून घेतात. फक्त ‘अपडेट’ हे बटण आहे याची आठवण ठेवायची. अंतराळ स्थानकाला अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावं लागतं, त्यामुळे महिनाभर जुने आकडे घेऊन बसलात तर पास मिनिटा-मिनिटानं सरकलेला असतो. मी दर दोन-तीन दिवसांनी अपडेट करते. आपलं ठिकाण ॲपमध्ये बरोबर भरलं आहे ना, आणि वेळ स्थानिक आहे की यूटीसी, हेही एकदा तपासा. माझी अठरावी ओळ विसरू नका.

ॲप प्रत्येक पासासाठी तीन गोष्टी सांगतं: उपग्रह कुठल्या दिशेला उगवेल, सर्वांत उंच कधी आणि किती अंशांवर असेल, आणि कुठे मावळेल. दिशा उत्तरेपासून अंशांत मोजतात: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. उंची क्षितिजावर शून्य, डोक्यावर ९०. हात सरळ लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. क्षितिजापासून तीन मुठी म्हणजे तीस अंश. सुरुवातीला कमाल उंची तीस अंशांहून जास्त असलेलेच पास निवडा. यामागे साधा हिशेब आहे. स्थानक क्षितिजावर असतं तेव्हा ते तुमच्यापासून सुमारे २,३५० किलोमीटरवर असतं, तीस अंशांवर आलं की पावणेआठशे, आणि अगदी डोक्यावर आलं की ४२०. क्षितिजावरून येणारा सिग्नल डोक्यावरच्यापेक्षा तीसपट दुबळा असतो. त्यात झाडं आणि इमारती वेगळ्या.

रेडिओला हात लावण्यापूर्वी एक काम करा. संध्याकाळी किंवा पहाटे दिसणारा एक पास निवडा आणि स्थानक नुसतं डोळ्यांनी पाहा. ते न लुकलुकता सरकणाऱ्या ठळक ताऱ्यासारखं दिसतं. ॲपनं सांगितलेल्या मिनिटाला, सांगितलेल्या बाजूनं ते उगवलं की तुमची वेळ, ठिकाण आणि दिशांची समज, सगळं एका फटक्यात तपासून होतं. मी गच्चीवर खडूनं आठ दिशा लिहून ठेवल्या आहेत. होकायंत्र पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्यापासून लांब धरून, नाहीतर उत्तर भलतीकडेच जाते.

सुरुवात कुठून

अंतराळ स्थानकापासून. ते जवळ आहे, सिग्नल दणकट आहे, आणि हातातल्या साध्या वॉकीटॉकीच्या रबरी अँटेनावरही ते ऐकू येतं. तीन फ्रिक्वेन्सी पाठ करा. १४५.८०० मेगाहर्ट्झवर आवाज आणि अधूनमधून चित्रं. १४५.८२५ वर एपीआरएस, म्हणजे डेटाची पाकिटं; कानाला ती अर्ध्या-एक सेकंदाच्या चिरक्या फर्रफर्रीसारखी लागतात. ४३७.८०० वर रिपीटर, ज्यातून जमिनीवरचे हौशी रेडिओवाले एकमेकांशी बोलतात. सगळं एफएम. तिन्ही एकाच वेळी चालू असतील असं नाही. कधी एक, कधी दुसरं. अंतराळवीर यानाबाहेर चालायला जातात किंवा दुसरं यान जोडायला येतं तेव्हा हा रेडिओ बंदही ठेवतात. तेव्हा शांतता ऐकू आली तर लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायला घेऊ नका.

कधीकधी अंतराळवीर शाळेतल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, तेही १४५.८०० वरच. तुम्हाला फक्त उत्तरं ऐकू येतील, प्रश्न येणार नाहीत. कारण प्रश्न दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून वर जातात आणि ती शाळा बहुतेक वेळा तुमच्या क्षितिजापलीकडे असते. एकदा मी “हो, झोपताना आम्ही स्वतःला बांधून घेतो” अशा अर्थाचं एक वाक्य पकडलं आणि त्याआधीचा प्रश्न काय असेल याचा तर्क करत बसले. या छंदात अर्धं संभाषण आपल्याला मनानंच भरावं लागतं.

त्यानंतर एसओ-५० घ्या: २००२ साली सोडलेला छोटा उपग्रह, खाली येणारी फ्रिक्वेन्सी ४३६.७९५. आवाज बारीक, पण सुटीच्या दिवशी त्यावर झुंबड असते. मग आरएस-४४, ज्याचा दीपस्तंभ, म्हणजे सतत मोर्समध्ये टुकटुकणारा बीकन, ४३५.६०५ च्या आसपास सापडतो. हा बराच उंचावरून फिरतो, त्यामुळे पास लांबलचक असतात आणि शिकायला निवांतपणा मिळतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. ऐकणं आणि बोलणं यांत फरक आहे. बोलायला परवाना लागतो, सगळीकडे. ऐकण्याचे नियम देशागणिक निराळे आहेत, ते आपापले वाचून घ्या. हौशी आणि हवामानाचे उपग्रह सगळ्यांनी ऐकावेत म्हणूनच बोलतात. इतरांच्या खासगी संभाषणात कान घालण्याची मला कधी गरज वाटली नाही.

रिसीव्हर

हातात वॉकीटॉकी किंवा स्कॅनर असेल तर तोच घ्या. त्याचा स्क्वेल्च, म्हणजे दुबळा आवाज दाबून टाकणारा अडसर, पूर्ण उघडा ठेवा, खरखर कानाला कितीही बोचली तरी. दुबळ्या सिग्नलनं स्क्वेल्च उघडतच नाही आणि आपण शांत डब्याकडे बघत बसतो.

काहीच नसेल तर यूएसबीला लागणारं आरटीएल-एसडीआर डोंगल घ्या. मुळात हे टीव्ही पाहण्यासाठीचं यंत्र. त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे नमुने तसेच संगणकाकडे पाठवू शकते हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि हौशी मंडळींचं नशीबच उघडलं. साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ते ऐकतं आणि एका वेळी जवळजवळ अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा पडद्यावर दाखवतं. या सरकत्या चित्राला वॉटरफॉल म्हणतात: आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ. सॉफ्टवेअरमध्ये एसडीआर प्लस प्लस मला सोपं वाटतं.

दोन सेटिंग लक्षात ठेवा. पहिलं, गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, आपोआपवर सोडू नका. शून्यापासून वाढवत न्या. खालच्या गोंगाटाची पातळी वर उचलली जायला लागली की तिथे थांबा. गेन कमी केल्यावर सिग्नल उलट स्वच्छ होत असेल तर जवळचं एखादं एफएम केंद्र डोंगलच्या डोक्यावर बसलेलं आहे असं समजा. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावा. दुसरं, डोंगलचं घड्याळ. स्वस्त डोंगल दहा लाखांत पन्नास भागांनी चुकीचं असू शकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १४५.८ वर ती चूक सात किलोहर्ट्झहून जास्त भरते. म्हणजे तुम्ही अगदी बरोबर आकडा लावून शेजारच्याच दारावर टकटक करत असता. माहीत असलेल्या एखाद्या स्थिर केंद्राशी ताडून पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत किती भाग चूक आहे तो, आकडा दुरुस्त करा, आणि तो करण्याआधी डोंगल दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या.

कशावरही खर्च करण्यापूर्वी, इतरांचे रिसीव्हर इंटरनेटवरून ऐकता येतात हे विसरू नका. क्यूओ-१०० हा भूस्थिर उपग्रह २५.९ अंश पूर्वेला उभा आहे आणि त्याचा हौशी पट्टा दिवसरात्र ऐकता येणारा वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून चालणारा रिसीव्हर आहे. एसएसबी या अरुंद पट्ट्यात आवाज पाठवण्याच्या पद्धतीत माणसाचा आवाज कसा ट्यून करायचा हे मी तिथेच शिकले. आधी सगळे बदकासारखे बोलतात, मग हळूहळू माणसं होतात.

व्ही-डायपोल

अँटेनावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण व्ही-डायपोल, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखी दोन दांड्यांची अँटेना, घरी एका दुपारी होते आणि विकतच्या बहुतेक चिमुकल्या अँटेनांपेक्षा चांगली चालते.

लांबीचा हिशेब असा. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १३७.५ साठी ती २.१८ मीटर. तिचा चौथा भाग साडेचोपन्न सेंटिमीटर, आणि धातूत तरंग थोडा आखूड पडतो म्हणून दांडी ५३.४ सेंटिमीटरची. अशा दोन दांड्या हव्यात. ॲल्युमिनियमच्या, पितळेच्या, अगदी जाड तांब्याच्या तारेच्याही चालतात. अंतराळ स्थानकासाठी हीच दांडी साधारण पन्नास सेंटिमीटर करा. आणखी एक गंमत: १४५.८ ची तिप्पट ४३७.४ येते, त्यामुळे स्थानकासाठी कापलेला डायपोल ४३७ च्या पट्ट्यातही बऱ्यापैकी ऐकतो. फक्त त्याचे कान वेगळ्या दिशांना फुटतात.

वायरमन दोन तारा जोडायला वापरतात ती स्क्रूची प्लॅस्टिक पट्टी घ्या. एका बाजूनं दोन दांड्या खुपसा, दुसऱ्या बाजूनं केबल: मधली तार एका दांडीला, जाळी दुसरीला. दांड्यांचे टोक एकमेकांना टेकता कामा नयेत. दोघींमध्ये १२० अंशांचा कोन ठेवा. शाळेतल्या कोनमापकानं लाकडी फळीवर आखा आणि दांड्या त्या फळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळा. मी पहिल्यांदा अंदाजानं कोन ठेवला होता, तो नंतर मोजला तर ९५ निघाला. तरीही ऐकू येत होतं, म्हणून फार जिवाला लावून घेऊ नका.

आता ही व्ही आडवी, जमिनीला समांतर ठेवायची. उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. का? हवामानाचे उपग्रह ध्रुवांवरून जातात, म्हणजे आपल्यासाठी उत्तर-दक्षिण. आडवी व्ही वरच्या बाजूला आणि त्याच रेषेत चांगलं ऐकते. शिवाय जमिनीवरची बरीच प्रसारणं उभ्या ध्रुवणाची, म्हणजे वरखाली डोलणाऱ्या लहरींची असतात, त्यांच्याकडे आडवी अँटेना आपोआप कानाडोळा करते. उपग्रहाच्या लहरी गोल फिरत येतात आणि आपली अँटेना सरळ, त्यामुळे निम्मी शक्ती वाया जाते. ती जाऊ द्या. पुढे हौस वाढली की क्यूएफएच नावाची पिळलेली अँटेना बनवा. माझी अजून अर्धवट पडली आहे.

केबलबद्दल लोक उगाच घाबरतात. टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ केबल ५० ओहमच्या रिसीव्हरला लावली तर जुळणी बिघडून शंभरात चारच भाग शक्ती परत फिरते. दहा मीटर आरजी-६ मध्ये या फ्रिक्वेन्सीला एक डेसिबलहून कमी तोटा होतो, डोंगलसोबत येणाऱ्या बारीक वायरीत मात्र बराच जास्त. बारीक वायर आखूड ठेवा. सिग्नल वाढवणारा एलएनए लावायचा झाला तर अँटेनाच्या बुडाशी लावा. केबलच्या खालच्या टोकाला लावलेला एलएनए केबलमध्ये दुबळा झालेला सिग्नल आणि गोंगाट दोन्ही मोठं करून देतो.

एसओ-५० सारख्या दुबळ्या उपग्रहासाठी हातात धरायची यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखून ऐकणारी अनेक दांड्यांची अँटेना लागते. तिचं मुख्य कौशल्य मनगटात आहे. उपग्रह गिरक्या घेत असतो, त्यामुळे आवाज मध्येच बुडतो. तेव्हा दिशा न बदलता अँटेना फक्त स्वतःभोवती नव्वद अंश फिरवा. बुडालेला आवाज वर येतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा भाची ओरडली होती, “मावशी, परत कर, परत कर!”

पहिला पास

पासाच्या अर्धा तास आधी सगळं जोडून ठेवा. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला. १४५.८०० वर एनएफएम, म्हणजे अरुंद एफएम, पट्टा पंधरा किलोहर्ट्झ. रेकॉर्डिंगचं बटण पासाच्या एक मिनिट आधीच दाबा. यात अपवाद नको. तुम्हाला जे ऐकू येत नाही ते नंतर रेकॉर्डिंगमध्ये सापडतं, आणि जे ऐकू आल्याचा भास झाला ते सापडत नाही.

उगवल्याबरोबर काही येणार नाही. पाच-दहा अंश वर आलं की खरखरीचा पोत बदलतो, जाड खरखर पातळ होते. मग त्यातून आवाज निघतो. चित्रांचे दिवस असतील तर बासरी आणि टाइपरायटर यांच्या मधला एक लयदार आवाज येईल. याला एसएसटीव्ही म्हणतात: काळ्या रंगासाठी १,५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्यासाठी २,३००, आणि मधले रंग मधल्या सुरांत. स्थानक बहुतेक वेळा पीडी१२० ही पद्धत वापरतं, तिच्या एका चित्राला दोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं. दोन चित्रांमध्ये विश्रांती असते, म्हणून एका पासात दोन, फार तर तीन चित्रं पूर्ण हाती लागतात. फोनवरचं रोबोट३६ ॲप स्पीकरजवळ धरलं तरी चित्र उमटतं. माझ्या पहिल्या चित्रात मध्यावर एक खवल्याखवल्यांचा आडवा पट्टा आहे. तो भाचीचा खोकला. शक्यतो आवाज तारेनं किंवा सॉफ्टवेअरमधूनच न्या.

डॉप्लर, म्हणजे सही

समोरून येणाऱ्या गाडीचा भोंगा जवळून गेल्यावर उतरतो, तसंच इथे. यालाच डॉप्लर म्हणतात. १४५.८ वर स्थानक उगवताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर ऐकू येतं आणि मावळताना तितकंच खाली. एफएममध्ये पट्टा रुंद असल्यानं इथे फारसं काही करावं लागत नाही. ४३७ वर मात्र हाच सरक दहा किलोहर्ट्झच्या घरात जातो, त्यामुळे एसओ-५० साठी पाच मेमरी भरून ठेवा: ४३६.८०५, ४३६.८००, ४३६.७९५, ४३६.७९०, ४३६.७८५, आणि पास पुढे जाईल तसं एकेक पायरी उतरा. एसएसबी आणि मोर्समध्ये सतत हात फिरवावा लागतो, कारण तिथे फ्रिक्वेन्सी सरकली की सूरच बदलतो. हे काम सॉफ्टवेअरकडे देता येतं, पण आधी हातानं करून बघा.

मला डॉप्लर अडचण वाटत नाही, उलट तीच ओळख पटवण्याची खूण आहे. वॉटरफॉलवर उपग्रह आडव्या पडलेल्या ‘एस’सारखी वळणदार रेघ काढतो: वर संथ, मध्ये झपकन सरकणारी, खाली पुन्हा संथ. सरळ उभी रेघ दिसली तर ती जमिनीवरची, बहुतेक तुमच्याच घरातली. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक २०.००५ मेगाहर्ट्झवर बीप-बीप करत होता, तेव्हा अमेरिकेतल्या गायर आणि वाइफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी फक्त या वळणावरून त्याची कक्षा काढली. मग उलटा विचार झाला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे तेही काढता येईल. त्यातूनच ट्रान्झिट ही उपग्रहांवर चालणारी पहिली दिशादर्शन यंत्रणा जन्मली.

अनोळखी रेघ दिसली तर घाईघाईनं नाव देऊ नका. वेळ सेकंदापर्यंत, फ्रिक्वेन्सी, आणि रेघ सर्वांत वेगानं कधी सरकली तो क्षण लिहा. त्या क्षणी उपग्रह तुमच्या सर्वांत जवळ असतो. मग त्या वेळी जवळून कोण गेलं ते ॲपमध्ये शोधा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडा. सॅटनॉग्ज या हौशी श्रोत्यांच्या जाळ्याच्या यादीत उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सी सापडतात. हे काम फक्त मोठ्या संस्थांचंच असतं असं नाही. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलच्या जेफ्री पेरी या शिक्षकानं आणि त्याच्या मुलांनी १९६६ मध्ये सोव्हिएत उपग्रहांचे सिग्नल ऐकून आणि वेळा मांडून प्लेसेत्स्क हा नवा प्रक्षेपण तळ ओळखला. नासाचा ‘इमेज’ उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गप्प झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये स्कॉट टिली हा कॅनडातला हौशी श्रोता दुसराच एक उपग्रह शोधत असताना त्याला ‘इमेज’ बोलताना सापडला.

ढगांची चित्रं

जुनी मार्गदर्शनं वाचलीत तर सगळीकडे नोआ-१५, १८ आणि १९ हे अमेरिकेचे हवामान उपग्रह भेटतील. त्यांचं ॲनालॉग चित्र साध्या एफएम रिसीव्हरवर सेकंदाला दोन ओळींनी टिकटिकत यायचं. हे तिन्ही २०२५ मध्ये बंद केले: नोआ-१८ जूनमध्ये, नोआ-१९ आणि नोआ-१५ ऑगस्टमध्ये. नोआ-१५ तर १९९८ चा होता. त्याच्या एका पासाचं रेकॉर्डिंग मी ठेवलं आहे, अजून कधीतरी लावते. पण त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर आता वेळ घालवू नका.

आता जायचं ते मेटिओर-एम मालिकेच्या एन२-३ आणि एन२-४ या रशियन उपग्रहांकडे, जे अनुक्रमे जून २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडले गेले. ते १३७.९०० किंवा १३७.१०० वर एलआरपीटी नावाचं डिजिटल चित्र पाठवतात, आणि या दोन फ्रिक्वेन्सींची अदलाबदल होत असते. माझी युक्ती: डोंगलचा मध्य १३७.४ वर ठेवा, दोन्ही जागा एकाच वेळी पडद्यावर दिसतात. सिग्नल म्हणजे शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झ रुंदीची एक उशी. कानाला ती नुसती फुस्स वाटते, म्हणून इथे कान मिटून डोळे उघडे ठेवायचे.

सॅटडंप हे सॉफ्टवेअर घ्या, त्यात मेटिओरची ७२के एलआरपीटी पद्धत निवडा आणि पास सुरू करा. एका चौकोनात ठिपक्यांचा ढग दिसतो. सिग्नल वाढला की तो ढग फुटून चार कोपऱ्यांत चार पुंजके होतात आणि खाली ‘सिंक’, म्हणजे सिग्नल पकडला, असं उमटतं. ॲनालॉग चित्र हळूहळू खराब व्हायचं. डिजिटल एकदम कड्यावरून पडतं. जरा कमी सिग्नल आणि पडद्यावर काळा पट्टा. म्हणून इथे केबल, गेन आणि गोंगाट यांची मेहनत दिसून येते. दिवसा दृश्य प्रकाशातले रंग मिळतात, रात्री अवरक्त. हे उपग्रह सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतात, त्यामुळे रोज साधारण त्याच सुमाराला येतात आणि आपलंही घड्याळ त्यांच्याशी बांधलं जातं.

गोंगाट

माझ्याकडे रोज संध्याकाळी सातनंतर १३७.९ वर एक जाड पट्टा उभा राहायचा. मेटिओर त्याच्या मागे बुडायचा. दहा दिवस मी उपग्रहाला नावं ठेवली. मग शेवटी करायला हवं होतं ते केलं: लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मुख्य स्विच बंद केला. पट्टा तसाच. म्हणजे घरातला नव्हे. वॉटरफॉल चालू ठेवून अँटेना हातात घेऊन जिन्यावर उतरले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एलईडी दिव्याखाली पडदा पांढराफटक झाला. दिवा बदलून दिला, पट्टा गेला.

तुमच्याकडे तो फोनचा चार्जर असेल, मॉनिटरची केबल असेल, इन्व्हर्टर असेल. मुख्य स्विच बंद करून एकेक वस्तू परत लावत जाण्यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. डोंगल लॅपटॉपला थेट खोचू नका. मध्ये आखूड यूएसबी वायर घ्या आणि तिच्यावर गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी चढवा.

वही

प्रत्येक पासाची एक ओळ लिहा: तारीख, वेळ यूटीसीत, उपग्रह, कमाल उंची, कुठून कुठे, काय ऐकलं. काही ऐकलं नसेल तर तेही. माझ्या वहीतून एकदा असं दिसलं की पश्चिमेचे पास नेहमी पंधरा अंशांनंतरच सुरू होतात. मग लक्षात आलं की तिकडे शेजारची नवी इमारत उभी राहिली आहे. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या लहान उपग्रहांचे गट अशा नोंदी आवर्जून मागतात, विशेषतः प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या दिवसांत. १९६१ साली ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह मोर्समध्ये नुसतं ‘हाय’ म्हणत होता, १४० मिलिवॅटवर. उपग्रह तापला की ‘हाय’चा वेग बदलायचा, आणि त्यातलं तापमान मोजून कळवणारे २८ देशांतले साडेपाचशेहून जास्त हौशी श्रोतेच होते.

आणि जमेल तेव्हा एओ-७ हा जुना हौशी उपग्रह शोधा. १५ नोव्हेंबर १९७४ ला तो सोडला, १९८१ मध्ये त्याची बॅटरी आतून जोडली जाऊन (शॉर्ट होऊन) तो मेला. २००२ च्या जूनमध्ये तीच बिघडलेली जोडणी तुटली आणि तो थेट सौर पट्ट्यांवर जागा झाला. त्याला आता बॅटरी नाही, म्हणून फक्त उन्हात बोलतो. एसएसबी लावा, १४५.९७७ च्या आजूबाजूला बीकन शोधा, आणि १४५.९२५ ते १४५.९७५ मध्ये लोकांचे आवाज. एखाद्या दिवशी तिथे काहीच नसतं, कारण तो त्या दिवशी दुसऱ्या पद्धतीत, २९ मेगाहर्ट्झवर बोलत असतो. ॲपमध्ये तो सावलीत कधी शिरतो ती वेळ बघून ठेवा. मी एकदा मोर्समधला एक संदेश उतरवून घेत होते, पेन्सिल अक्षरावर होती, आणि सूर थोडा लडबडून मध्येच थांबला. ॲपमध्ये पाहिलं, त्याच मिनिटाला तो पृथ्वीच्या सावलीत गेला होता. ओळ तशीच अर्धवट ठेवली आहे, पुढे लिहिलं: ‘ऊन संपलं, १४:०६ यूटीसी’.